सांगलीच्या गणपती पेठेतनं शिवून घेतलेली ऑफिसर राहुटी (जुन्या अमेरिकन फौजेतल्या ऑफिसरचा तंबू), पाच रात्री राहून लिहितोय

बरं, ज्या राहुटीवरनं गेले दोन महिने मी घरच्यांचं आणि मित्रांचं डोकं खाल्लं ती एकदाची शिवून आली, आणि जानेवारीत आष्ट्याजवळ मेव्हण्याच्या रानात तिच्यात पाच रात्री काढूनपण झाल्या, त्यामुळं आता जे काय आहे ते खरं खरं लिहितो. माल चांगला आहे. दुकानदार माणूस बरा आहे. एका ठिकाणी त्यानं माती खाल्ली आणि दोन ठिकाणी मी, आणि माझी माती जास्त होती.

आधी हे खूळ कुठनं आलं ते सांगतो, नाहीतर साडेसोळा हजार रुपये कापडात का घातले ते कळणार नाही (बायकोला अजून कळलेलं नाही). मला अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं, म्हणजे 1861 ते 1865 वाल्या, लई वेड आहे, पण लढायांचं नाही, लढाया बंद असतात तेव्हाचं. आपल्याकडं कसं, मराठ्यांची फौज पावसाळ्याचे चार महिने छावणी करायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघायची, तसं तिकडं उलटं, हिवाळ्यात छावणी आणि वसंतात लढाई. कारण मात्र दोन्हीकडं एकच, चिखल. तोफ, बैलगाडी, घोडागाडी सगळं रुततं. आणि जो सेनापती हे मानत नाही त्याची काय गत होते ते उत्तरेकडच्या फौजेच्या बर्नसाइडनं दाखवलंय. 13 डिसेंबर 1862 ला व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला सडकून मार खाल्ला, मग अब्रू वाचवायला 20 जानेवारीला भर हिवाळ्यात फौज बाहेर काढली, त्याच रात्री पाऊस लागला आणि तोफा, गाड्या, तरंगता पूल बांधायच्या होड्या सगळं चिखलात बसलं. दोनतीन दिवसांत परत छावणीत, आणि साहेबांचं सेनापतीपद गेलं. त्या प्रकाराला तिकडं आजपण चिखलाची कूच म्हणूनच ओळखतात. फडातनं भरलेली उसाची ट्रॉली पावसात बाहेर काढायची पाळी ज्याच्यावर आलीय त्याला हे समजावून सांगायला नको.

तर त्या छावणीत ऑफिसर लोक कसे राहायचे, काय खायचे, दिवसभर करायचे काय, हे वाचून वाचून मला वाटायला लागलं की आपण एकदा तसं राहून बघावं. थंडी व्हर्जिनियातली मिळणार नव्हती पण कृष्णाकाठची पहाटपण काय कमी नसते जानेवारीत.

आता माल. तिकडं साध्या शिपायाला मिळायचा तो निम्मा तंबू, म्हणजे खरंच निम्मा, एकाकडं एक तुकडा, दुसऱ्याकडं दुसरा, दोघांनी बटणं लावून जोडायचे आणि खाली सरपटत शिरायचं. शिपाई त्याला कुत्र्याचं घर म्हणायचे. ऑफिसरची राहुटी वेगळी, साधारण नऊ फूट बाय नऊ फूट, मधी आढ्यापाशी साडेआठ फूट उंच, बाजूच्या कापडी भिंती पावणेचार फुटाच्या, आणि वर एक जादा छप्पर. आत माणूस ताठ उभा राहतो, पँट उभ्यानं घालता येते, ही गोष्ट बारकी वाटेल पण पहिल्याच सकाळी मला तिची किंमत कळली.

हे माप कागदावर काढून मी गणपती पेठेतल्या एका ताडपत्रीवाल्याकडं गेलो. नाव लिहीत नाही, तक्रार पण लिहायची आहे म्हणून. दुकान म्हणजे चिंचोळा बोळ, पुढं निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिक ताडपत्र्यांचे गठ्ठे, आत काका मशीनवर, आणि कॅनव्हासचा तो मेणाचा-तेलाचा वास. काकांनी कागद बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, "लग्नाचा मंडप हाय का?" म्हटलं नाही, झोपायला. "मग घरी काय झालंय?" असो. कापड मात्र त्यांनी मनापासून दाखवलं, पातळ कॅनव्हास घेऊ देईनात, जाड सुती घ्या म्हणाले, प्लॅस्टिक लेप वाला घेतला तर आत घामानं भिजाल. हा सल्ला शंभर टक्के खरा निघाला. सगळ्या जोडांना दुहेरी शिवण, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे, पितळी डोळे (दोर ओवायच्या कड्या), दोर सुती. आठ दिवस म्हणाले आणि बावीस दिवस लावले, दर वेळी फोन केला की "साहेब फक्त डोळे मारायचे राहिलेत". चौदा दिवस डोळेच मारत होते बहुतेक.

घेणाऱ्यांनी एक काम नक्की करा, नवी राहुटी लगेच वापरू नका. सुती कॅनव्हासला सुईची भोकं असतात, पहिल्यांदा भिजल्यावर दोरा फुगतो आणि ती बुजतात. मी रानातल्या मोटरचा पाइप लावून दोनदा भिजवली आणि वाळवली. पहिल्या खेपेला आत अक्षरशः शिंतोडे, दुसऱ्या खेपेला थेंब नाही. फक्त ओली असताना आतनं हात लावायचा नाही, बोट लागलं की तिथनंच पाणी झिरपायला लागतं. मेव्हण्यानं खरं वाटत नाही म्हणून बोट लावलं आणि माझ्या उशीवर धार.

बांबूचे दोन खांब आणि एक आढं, बाभळीच्या खुंट्या, दोघांना चाळीस मिनिटं लागली उभी करायला. संध्याकाळी दोर ताणून बांधलेत ते रात्री दवानं आखडतात आणि खुंट्या उपटायला बघतात, त्यामुळं झोपायच्या आधी जरा ढिले सोडायचे. हे पहिल्या रात्री माहीत नव्हतं. पहाटे चारला एका कोपऱ्याची खुंटी उपटली आणि ओलं कापड तोंडावर.

आता पहिली रात्र खरी कशी होती. बाहेरनं फोटो बघाल तर एक नंबर, कंदील, घडीची खाट, टेबल, वर पितळी जग. आतनं मी दोन स्वेटर, शाल, माकडटोपी घालून कुडकुडत बसलेलो. माकडटोपीला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात आणि ते नाव क्रिमियातल्या बंदराचं आहे बघा, 1854 च्या युद्धात इंग्रजांची फौज तिथं हिवाळ्यात गारठून मेली त्या गावाचं. तिथला किस्सा तर अजून भारी, म्हणजे वाईट. 14 नोव्हेंबर 1854 ला असं वादळ आलं की तंबू कागदासारखे उडाले आणि हिवाळी कपडे घेऊन आलेलं प्रिन्स नावाचं जहाज बंदराबाहेर बुडालं. कॉफी पाठवली ती हिरवी, न भाजलेली, आणि भाजायला सरपण नाही. आणि घोडदळाचे लॉर्ड कार्डिगन, ज्यांच्या नावाचं स्वेटर आपण घालतो, ते रात्री झोपायला बंदरात उभ्या असलेल्या स्वतःच्या बोटीवर जायचे. ऑफिसर म्हटलं की सगळे एकसारखे नव्हते हे सांगायचंय.

गारठ्यावर उपाय म्हणून मी शेगडी आधीच करून घेतली होती. अमेरिकन फौजेतल्या सिब्ली नावाच्या ऑफिसरनं गोल निमुळता तंबू काढला होता, 1856 चं पेटंट, आणि त्याच्याच नावाची शेगडी, पत्र्याचा नुसता शंकू, खाली तळ नाही, जमिनीवर उपडी ठेवायची, बारकं दार आणि वरनं धुराडं. (गडी युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेकडच्या बंडखोर फौजेत गेला आणि तंबूमागं पाच डॉलर मिळायचे ते बुडाले.) कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरनं ती अठराशे रुपयांत करून दिली, काम झकास, बाभळीच्या चार ढलप्यांवर राहुटी दहा मिनिटांत गरम. फक्त लाकूड संपलं की अर्ध्या तासात पत्रा थंड आणि तुम्हीपण. रात्रीत चार वेळा उठलो लाकूड घालायला.

आणि कृपा करून कोळशाची उघडी शेगडी घेऊन बंद तंबूत झोपू नका. वास येत नाही, धूर दिसत नाही आणि माणूस झोपेतच जातो. क्रिमियात अशी माणसं गेलीत. धुराडं पाहिजेच.

इथंच काकांची माती. धुराडं बाहेर काढायला छपराला गोल भोक करून त्याला पत्र्याची रिंग पाहिजे आणि रिंगेभोवती न जळणारं कापड. मी चित्र काढून दिलेलं. काकांनी पत्र्याची रिंग बसवली पण भोवती साधा कॅनव्हासच ठेवला, "एवढं काय गरम होत नाही साहेब". दुसऱ्या संध्याकाळी त्या रिंगेभोवती तपकिरी वर्तुळ, मग काळं, मग धूर. मी पाण्याचा जग ओतला म्हणून वाचलो. फोन केला तर म्हणे आणून द्या, करून देतो, पैसे नाही घेत. ठीक आहे, पण हे आधीच व्हायला पाहिजे होतं, उद्या कोणाची राहुटी पेटली तर? व्हर्जिनियातल्या झोपड्यांची धुराडी काठ्या आणि चिखलाची असायची, वर तळ फोडलेलं पिंप, आणि ती पेटायचीच. ते 1863 साल होतं, आत्ता काकांना निमित्त नाही.

आता माझी माती. राहुटी मी पाटाकडेच्या खोलगट सपाट तुकड्यात लावली, कारण तिथनं फोटो चांगला येत होता. मेव्हणा म्हणाला, "दाजी, जरा वर घ्या." मी ऐकलं नाही. चर पण खणला नाही, प्रत्येक शिपायाला माहीत असायचं की तंबूभोवती आधी चर, मला पुस्तकातनं माहीत होतं आणि तरी खणला नाही. शेतीची लाइट रात्रीची होती त्या आठवड्यात, शेजारच्यानं दोन वाजता मोटर चालू केली, पाट कुठंतरी फुटला आणि अडीचला खाटेखाली हात घातला तर पाणी. चपला तरंगत होत्या. शेगडी तळाला उघडी, त्यामुळं फस्स करून विझली आणि सगळीकडं राखेचा चिखल. अंधारात, माकडटोपीत, टेबल डोक्यावर घेऊन मी बांधावर उभा. बर्नसाइड साहेब आठवले.

आणि त्यावेळी समोरच्या पडक्या रानात कोप्यांमध्ये, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांमध्ये, दिवे लागले होते. बीडकडची टोळी, बारातेरा कोप्या, कारखाना सुरू झाल्यापासनं तिथंच. तीन-साडेतीनला त्यांचं उठणं असतं, बायका चुलीला लागलेल्या, चारला फडात. एक मावशी आल्या बघायला की हा माणूस टेबल घेऊन का उभा आहे. त्यांनी राहुटीत डोकावून बघितलं, प्लॅस्टिक अंथरलेलं बघितलं आणि म्हणाल्या, "आवं दादा, प्लॅस्टिकवर झोपल्यावर गारठा लागणारच की. खाली पाचट टाका हातभर. आन् हितं नगं, तिकडं उंचावर."

झालं. एवढंच होतं सगळं. सकाळी राहुटी उचलून उंचावर नेली, भोवती वीतभर चर मारला, आत हातभर पाचट (उसाचा वाळका पाला) दाबून त्यावर गोणपाट आणि मग खाट, शेगडीच्या खाली आणि भोवती चार फूट मोकळी माती आणि विटा (पाचट कसं भडकतं ते सांगायला नको, इथं हयगय नको). तिसऱ्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपलो. कापड तेच, शेगडी तीच, मी तोच. मी दोन महिने कापडाची जाडी आणि पितळी डोळे करत बसलो आणि थंडी येत होती खालनं. त्या शिपायांनीपण हेच केलेलं, लाकडाचे ओंडके रचून बारक्या झोपड्या, वर तेच तंबूचे तुकडे, खाली फळ्या नाहीतर पाला. डिसेंबर 1863 पासनं व्हर्जिनियातल्या ब्रँडी स्टेशनला एक लाखाच्या वर माणसं अशी राहिली आणि त्या पट्ट्यात झाड म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

उरलेल्या तीन दिवसांत मी ठरवलेला ऑफिसरचा दिवस पाळायचा प्रयत्न केला. सकाळी हजेरी, मग आजाऱ्यांची हजेरी, मग कवायत, दुपारी परत कवायत, संध्याकाळी परेड, आणि मधल्या वेळात कागद. कागद म्हणजे काय विचारू नका, रोजचा सकाळचा रिपोर्ट, किती हजर किती आजारी किती रजेवर, दर दोन महिन्यांनी पगाराची मस्टर, बंदुका-काडतुसांचा हिशोब, कोर्ट मार्शलवर बसणं. छावणीतला कॅप्टन म्हणजे तलवार लावलेला तलाठी. मी आपलं ऑफिसचं राहिलेलं काम लॅपटॉपवर केलं, तेवढंच साम्य.

खाण्याचं एक कोणाला माहीत नसतं, शिपायाला शिधा फुकट पण ऑफिसरला नाही, त्याला भत्ता मिळायचा आणि खाणं स्वतः विकत घ्यायचं, कपडे-तलवार पण स्वतःच्या पैशानं. चारपाच जण मिळून मेस लावायचे, आणि फौजेमागनं येणारे दुकानदार असायचेच, आपल्या फौजेमागं बाजार चालायचा तसे, दुप्पट भावानं लोणचं आणि डबाबंद खाणं विकणारे. मी हौसेनं त्यांची ती कडक बिस्किटं करून बघितली, नुसती कणीक, पाणी, मीठ, ओव्हनमध्ये वाळवायची. दात हलतात. शिपाई ती बंदुकीच्या दस्त्यानं फोडून कॉफीत भिजवायचे, किडे असतील तर वर तरंगायचे म्हणे. मेव्हण्याच्या कुत्र्यानं वास घेतला आणि निघून गेला. मग भडंग आणि दूध-भाकरीवर आलो, एक संध्याकाळ हुरडा भाजला, विषय संपला.

पण खरी गंमत वेगळीच, माझा सगळा दिवस कामात गेला. लाकूड फोडा, पाणी आणा, राख काढा, दोर ढिले करा, दोर ताणा, कंदिलाची काच पुसा, ओलं कापड वाळत घाला. डायरी लिहायची होती, चार ओळी झाल्या. पुस्तकात ऑफिसर लोक संध्याकाळी लांबलचक पत्रं लिहितात, पत्ते, बुद्धिबळ खेळतात, 22 फेब्रुवारी 1864 ला तर दुसऱ्या कोअरनं (फौजेचा एक मोठा भाग) वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला खास लाकडी हॉल उभारून नाच ठेवलेला, बायका आलेल्या होत्या छावणीत. मला प्रश्न पडायचा यांना एवढा वेळ मिळतो कसा. तर त्यांच्याकडं नोकर होता. लाकूड दुसराच आणायचा. पायदळातल्या कॅप्टनला महिन्याला सगळं धरून 115 डॉलरच्या आसपास आणि शिपायाला 13.

चौथ्या दिवशी त्या टोळीचे मुकादम आले, राहुटी आतनं-बाहेरनं बघितली, कापड चिमटीत धरून बघितलं, खालचं पाचट पायानं दाबून बघितलं आणि मान हलवली. केवढ्याला, विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, नुसते म्हणाले, "एवढ्यात आमच्या लई कोप्या हुतील." मग विचारलं, दुकानात सांगून नुसतं वरचं छप्पर वेगळं मिळेल का, आमच्या कोपीवर टाकायला, मार्चात अवकाळी आला की आत चूल विझती. म्हटलं विचारतो. विचारलं, काका म्हणाले जाड कॅनव्हासचं बारा बाय नऊ साडेचार हजार, आणि साधी प्लॅस्टिक ताडपत्री त्याच मापात बरीच स्वस्त. मुकादमांनी ताडपत्रीच सांगितली, दोन. मी परवा टोळीला पोचवून आलो, काकांनी शंभर रुपये कमी केले तेवढे.

तर घ्यायची का? रानात, धरणाकाठी, दोनचार दिवस राहायची सवय असेल, गाडीला कॅरिअर असेल (खांब सोडून वजन तीस किलोच्या पुढं जातं, पाठीवर घ्यायचा विचार सोडा), तर घ्या, वीस वर्ष टिकेल असं कापड आहे. डोंगर चढणाऱ्यांनी हलके नायलॉनचे तंबू घ्यावेत, त्यात लाज नाही. वाळवल्याशिवाय घडी घालू नका, बुरशी धरते, मी एक रात्र घाई केली आणि एका भिंतीवर काळे ठिपके आलेच. धुराड्याच्या भोकाचं काम समोर उभं राहून करून घ्या, "होतंय हो साहेब" वर विश्वास ठेवू नका. पाचपैकी साडेतीन देतो, रिंग नीट करून दिली की चार. परवा ताडपत्र्या न्यायला गेलो तेव्हा राहुटी दुकानात सोडून आलोय, काकांनी घडी उलगडल्या उलगडल्या आतनं पाचटाचा ढीग पडला त्यांच्या मशीनवर, तर मलाच ओरडले, "साहेब, निदान झाडून तरी आणायची."